‘पाणी पिण्यायोग्य आहे’ हे उत्तर नव्हे : पाणीपुरवठा विभागाला खुलं पत्र

प्रति,
मुख्य अभियंता, पाणीपुरवठा विभाग,
तसेच तक्रार निवारण कक्षातील सर्व अधिकारी व कर्मचारी

विषय : नळाच्या पाण्याच्या तक्रारी ‘घरगुती दोष’ म्हणून परस्पर बंद करण्याचा निर्णय

महोदय,

तक्रारींबाबतचा आपला नवा नियम आम्ही वाचला. रंग, वास, गढूळपणा, कमी दाब किंवा वाढीव बिल, तक्रार कशाचीही असो. त्या भागातल्या जलकुंभावरचा नमुना ठीक निघाला, की ‘पाणी पिण्यायोग्य आहे, दोष घरगुती आहे’ असा संदेश पाठवायचा आणि तक्रार बंद करायची. ती पुन्हा उघडून घ्यायची असेल, तर ग्राहकाने स्वखर्चाने प्रयोगशाळेचा अहवाल आणायचा.

आम्ही नळजोडणी करणारी, मीटर बसवणारी, टाक्या धुणारी आणि पाण्याचे नमुने तपासणारी माणसं आहोत. तुम्ही आज बंद केलेली तक्रार उद्या आमच्या दारात येते, एवढाच आमचा या प्रकरणाशी संबंध. त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ घरातच असतं, हे आम्ही आधीच मान्य करतो. पण कुठलं दुखणं घरातलं आणि कुठलं तुमच्या लाईनमधलं, हे जलकुंभावरच्या बाटलीवरून तुम्हालाही कळत नाही आणि आम्हालाही नाही. ते नळापाशी उभं राहून चार साधे प्रश्न विचारले की कळतं. ते प्रश्न न विचारताच निकाल लागतो आहे. परिणामी एखाद्याच्या गीझरचा गंज ‘दूषित पाणी’ ठरून त्याच्या गळ्यात महागडा फिल्टर पडतो, आणि दुसरीकडे ज्याच्या नळात खरोखर गटाराचं पाणी मिसळतंय, तो ‘पिण्यायोग्य आहे’ वाचून ते पीत राहतो.

आमच्या हरकती एकेक करून मांडतो.

१. रंगाच्या सगळ्या तक्रारी एकाच कप्प्यात

‘पाणी पांढरं येतं’, ‘पिवळं येतं’, ‘काळे कण येतात’ या तीन तक्रारींचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो. तुमच्या नोंदवहीत मात्र तिन्ही ‘रंग’ या एका शब्दात मावतात.

पांढऱ्या पाण्याचा उलगडा फोनवर होतो. काचेच्या ग्लासात पाणी घ्यायला सांगा आणि दोन मिनिटं हलवू नका म्हणा. पांढुरकेपणा तळापासून वर सरकत निवळत गेला, तर ती निव्वळ हवा. दाबाखाली पाण्यात विरघळलेली हवा नळातून सुटताच बारीक बुडबुडे होऊन बाहेर पडते. लाईन दुरुस्त करून पुन्हा भरली की हे हमखास होतं. हे पाणी खुशाल प्यावं. पांढरं काही खाली बसत गेलं, तर ते बहुतेक वेळा गीझरमधून सुटलेले क्षाराचे पापुद्रे असतात. त्यावर थोडं व्हिनेगर टाकलं की फसफसून विरघळतात. विरघळले नाहीत आणि प्लास्टिकच्या चकत्यांसारखे दिसले, तर टाकीच्या गीझरमधली थंड पाणी आत सोडणारी नळी झडायला लागली असं समजावं.

पिवळ्या-तांबूस पाण्यासाठी चार प्रश्न पुरतात. फक्त गरम नळाला येतं का थंडालाही? एकाच नळाला का सगळ्या? रात्रभर साचल्यावर सकाळी पहिल्यांदाच का दिवसभर? शेजारी काय परिस्थिती आहे? फक्त गरम असेल तर गीझरची टाकी गंजली. एकच नळ असेल तर त्या नळापर्यंतचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप. सकाळी अर्धी बादली पिवळी आणि मग स्वच्छ, तर घरातली जुनी पाइपलाईन. इथपर्यंत दोष घरगुती, आमचं दुमत नाही. पण थंड पाणी, सगळे नळ आणि शेजारची दोन घरंही, असं उत्तर आलं तर दोष मुख्य वाहिनीत आहे. बिडाच्या जुन्या वाहिनीच्या तळाला लोह आणि मँगनीजचा गाळ वर्षानुवर्षं बसलेला असतो. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला, फुटलेली लाईन रिकामी करून भरली किंवा प्रवाहाची दिशा उलटली, की तो ढवळून निघतो. याला उपाय एकच. वाहिनीचा एकेक तुकडा व्हॉल्व्हने वेगळा करायचा, स्वच्छ बाजूकडून पाणी सोडायचं आणि स्कॉवर व्हॉल्व्हमधून, म्हणजे वाहिनीतला गाळ बाहेर सोडण्याच्या व्हॉल्व्हमधून, निवळेपर्यंत बाहेर काढायचं. हे काम कुठलाही ग्राहक करू शकत नाही.

अशा वेळी ग्राहकाने काय करायचं, हेही तुमच्या संदेशात नसतं. गरम नळ उघडू नये, कारण त्यामुळे गाळ गीझरच्या टाकीत ओढला जातो. पाणी आत येतं त्याच्या सर्वांत जवळचा थंड नळ तोंडाची जाळी काढून सोडावा. दूरच्या नळापासून सुरुवात केली तर गाळ सगळ्या घरातून फिरवून आणला जातो. पांढरे कपडे त्या दिवशी धुऊ नयेत. डाग पडलेच तर क्लोरीनचं ब्लीच अजिबात लावू नये. त्याने लोहाचा डाग पक्का होतो. सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक आम्लाने तो निघतो.

काळे कण बोटांत चिरडून शाईसारखे पसरले तर ते रबर आहे : वॉशरचं, नाहीतर सिंकखालच्या लवचिक नळीच्या अस्तराचं. चिरडलेच नाहीत, वाळूसारखे टणक राहिले, तर फिल्टरच्या काडतुसातला कोळसा. भांड्याच्या आतून काळपट थर धरत असेल तर मँगनीजची शंका घ्यावी, आणि ती शंका विभागाने तपासायची असते. निळसर-हिरवे डाग तांब्याच्या पाइपातून येतात आणि पाण्याचा सामू (पीएच) उतरल्याचं, म्हणजे पाणी आम्लधर्मी झाल्याचं सांगतात. नळाच्या कडेला धरणारा गुलाबी बुळबुळीत थर मात्र सेरॅशिया नावाच्या जीवाणूचा. तो बहुतेक हवेतून येऊन ओल्या जागी वाढतो. याला घरगुती म्हणा, आमची हरकत नाही.

२. जलकुंभावरचा नमुना नळाबद्दल काही सांगत नाही

आमची सर्वांत मोठी हरकत हीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार, पाण्याचा सामू ८ पेक्षा कमी असताना किमान ३० मिनिटांच्या संपर्कानंतर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन (म्हणजे अजून खर्च न झालेला, जंतू मारू शकणारा) शिल्लक असावा, आणि ग्राहकापर्यंत पोचताना तो किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. या दोन आकड्यांच्या मधे जे काही आहे, ती तुमची वाहिनी. त्या वाटेत क्लोरीन गंजावर खर्च होतो, पाइपाच्या आतल्या जैविक थरावर खर्च होतो, उन्हाने तापलेल्या पाइपात लवकर संपतो, आणि गल्लीच्या टोकाला जिथे लाईन बंद होते तिथे पाणी साचून राहिल्यामुळे पुरता संपतो. जलकुंभावर ०.५ दिसलं म्हणून टोकाच्या घरी ०.२ असेलच, असं कुणीही अभियंता छातीवर हात ठेवून सांगणार नाही. टोकाच्या नळावर मोजायला लागतं काय? डीपीडी नावाच्या रसायनाची एक गोळी, छोटी काचनळी आणि रंगपट्टी. गोळी विरघळल्यावर पाणी जितकं गुलाबी, तितका क्लोरीन. मुक्त क्लोरीनचं वाचन लगेच, जागेवरच घ्यायचं. बाटली उन्हातून कार्यालयात नेऊन मोजलं तर क्लोरीन वाटेतच उडालेला असतो.

जिथे पाणी ठरावीक वेळच सोडलं जातं, तिथे तर जलकुंभाचा नमुना आणखीच निरर्थक. पुरवठा बंद झाला की वाहिनी उताराकडे रिकामी होते आणि उंचवट्यावर आत ओढ तयार होते. सांधा ढिला असेल, फेरूलपाशी, म्हणजे मुख्य वाहिनीला घराची जोडणी लागते तिथे, गळती असेल आणि त्याच चरातून सांडपाण्याची नळी जात असेल, तर बाहेरचं पाणी त्या फटीतून आत येतं. पुन्हा पाणी सोडल्यावर हे सगळं पहिल्या काही मिनिटांत घरोघर पोचतं. तुम्ही कधी लाईनवरून नमुना घेतलात, तरी तो तासाभराने, लाईन धुऊन निघाल्यावर घेतला जातो. दूषित पाणी तोवर कुणाच्या तरी टाकीत जाऊन बसलेलं असतं.

आणि नमुना कसा घेतला, यावर निकाल ठरतो. जंतूंसाठी घ्यायचा असेल तर नळाची जाळी काढायची, तोंड ज्योतीने किंवा क्लोरीनच्या द्रावणाने निर्जंतुक करायचं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग निर्जंतुक बाटली वरती थोडी मोकळी जागा ठेवून भरायची. बाटलीत सोडियम थायोसल्फेट असावं लागतं. नाहीतर पाण्यातला क्लोरीन प्रवासात जंतू मारत राहतो आणि अहवाल नको इतका चांगला येतो. बाटली बर्फाच्या पेटीतून न्यायची आणि शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत तपासणीला लावायची. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जीवाणू एकही आढळता कामा नये.

शिसं शोधायचं असेल तर नेमकं उलटं. किमान सहा तास नळ उघडायचा नाही, जाळी काढायची नाही, आणि पहिला लिटर, एक थेंबही वाया न घालवता, बाटलीत घ्यायचा. कारण शिसं येतं ते जुन्या पाइपातून, झाळलेल्या सांध्यातून आणि पितळी तोट्यांतून, पाणी साचून असताना. तीन मिनिटं नळ सोडून घेतलेल्या नमुन्यात ते सापडणारच नाही. एकाच नळाचे दोन नमुने दोन विरुद्ध पद्धतींनी घ्यावे लागतात. तुमच्या अहवालावर मात्र नमुना कसा, किती वाजता, किती वेळ पाणी सोडून घेतला, याचा एकही रकाना नाही.

अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि नव्या पाण्यावर गंजरोधक प्रक्रिया केली नाही. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते आणि पाणी सुरक्षित आहे असं त्यांना सांगितलं जात होतं. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात शिसं नव्हतंच. ते वाटेतल्या पाइपांतून येत होतं. कॅनडातल्या वॉकर्टनमध्ये २००० साली सात माणसं मेली आणि दोन हजारांहून अधिक आजारी पडली. तिथल्या कर्मचाऱ्यांनी क्लोरीन न मोजताच नोंदवहीत आकडे भरले होते. तुमच्या विभागात असं चालतं, असा आमचा आरोप नाही. पण नळावरचा आकडा कुणालाच दिसत नसेल, तर तसं चालत नाही हे लोकांनी कशावरून मानायचं?

गढूळपणाबद्दल एकच. एनटीयू या एककात गढूळपणा मोजतात, आणि माणसाच्या डोळ्याला तो साधारण ४ एनटीयूच्या पुढे दिसतो. क्लोरीन नीट लागू पडावा म्हणून पाणी १ एनटीयूच्या खाली असायला हवं. म्हणजे १ ते ४ मधलं पाणी दिसायला स्वच्छ, पण बारीक कणांच्या आड जंतू क्लोरीनपासून बचावू शकतात. तुमच्या कर्मचाऱ्याने ‘पाहणी केली, पाणी स्वच्छ दिसले’ असा शेरा मारणं म्हणजे तपासणी नव्हे.

३. वासाची तक्रार म्हणजे ‘क्लोरीन आहे, काळजी नको’

क्लोरीनचा वास असेल तर खरंच काळजी नको. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात काही तास उघडं ठेवलं की मुक्त क्लोरीन बराचसा निघून जातो. (क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, वापरत असाल तर तो असा उडत नाही, तुम्ही यातलं काय वापरता, हेसुद्धा बिलावर नसतं.) पण सगळे वास क्लोरीनचे नसतात.

सडक्या अंड्यासारखा वास फक्त गरम पाण्याला येत असेल, तर गीझरमधली, टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी आणि सल्फेटवर जगणारे जीवाणू यांचा तो संसार आहे. थंड पाण्याला, एकाच बेसिनपाशी येत असेल, तर ग्लासात पाणी घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन हुंगावं. तिथे वास नसेल तर तो पाण्याचा नव्हे, बेसिनच्या नळीचा. मातकट, ओल्या तळघरासारखा वास जिओस्मिन आणि एमआयबी या दोन द्रव्यांचा. धरणात शेवाळ माजलं की ती तयार होतात, आणि माणसाचं नाक त्यांना लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतक्या कमी प्रमाणातही ओळखतं. उकळून तो वास पूर्ण जात नाही. त्याने आजार होत नाही, पण केंद्रावर कोळशाची भुकटी टाकण्याची वेळ आली आहे, हे तो सांगतो. गटाराचा वास आणि सोबत गढूळपणा असेल, तर फोन घेणाऱ्याने तिथल्या तिथे ‘पिऊ नका’ म्हणायला हवं. बाकीचे प्रश्न नंतर.

४. दाब मोजलाच जात नाही

१० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे जवळपास १ बार दाब. जलकुंभातली पातळी नळापेक्षा २० मीटर वर असेल, तर पाणी वाहत नसताना नळाशी २ बारच्या आसपास दाब मिळायला हवा. हा हिशोब तुम्हाला आम्ही सांगावा असं नाही. पण ‘दाब कमी’ या तक्रारीवर तुमचा माणूस नळ सोडून बघतो आणि ‘पाणी येत आहे’ असं लिहून जातो.

नळाला दाबमापक लावा. सगळे नळ बंद ठेवून एक आकडा घ्या, एक नळ पूर्ण सोडून दुसरा. पहिला आकडा चांगला आणि नळ उघडताच कोसळला, तर वाटेत अडथळा आहे : अर्धवट उघडा स्टॉपकॉक, मीटरच्या तोंडाची चोंदलेली जाळी, कचरा अडकलेला फेरूल किंवा आतून गंज चढलेला पाईप. १५ मिलिमीटरचा पाईप गंजाने आतून १० मिलिमीटरचा झाला, की छेद निम्म्याहून कमी होतो आणि तेवढ्याच दाबाला पाणी जेमतेम एक तृतीयांश मिळतं. पहिलाच आकडा कमी असेल तर लाईनमध्येच दाब नाही. दाबमापक नसला तरी बादली आहे. १० लिटरची बादली ६० सेकंदांत भरली तर मिनिटाला १० लिटर. एकदा मीटरनंतरच्या पहिल्या नळाला, एकदा घरातल्या शेवटच्या नळाला भरून बघा. या दोन आकड्यांतच जबाबदारी कुणाची, ते उघडं पडतं.

दाब नाही म्हणून लोक थेट लाईनवर पंप लावतात, आणि त्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. पंप शेजाऱ्याचं पाणी तर ओढतोच, शिवाय लाईनमध्ये ओढ तयार करून गळक्या सांध्यातून बाहेरची घाण आत घेतो. पण पंपावर कारवाई करताना त्या गल्लीत दाब किती होता, हेही विभागाने जाहीर करायला हवं.

५. वाढलेलं बिल म्हणजे ‘तुमची गळती’

बऱ्याचदा असतेही. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचे आकडे लिहून ठेवावेत, दोन तासांनी पुन्हा बघावेत. मधल्या वेळात टाकीचा बॉलकॉक पाणी घेणार नाही, याची काळजी घ्यावी. आकडा पुढे सरकला, तर मीटरनंतरचा स्टॉपकॉक बंद करून पुन्हा बघावं : तरीही सरकत असेल तर दोष मीटरमध्ये किंवा त्या स्टॉपकॉकच्या आधी, थांबला तर घरात. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून पंधरा मिनिटं फ्लश न करता थांबावं. रंग खाली भांड्यात उतरला, तर टाकीच्या तळाचं रबर गेलं. ही गळती ऐकू येत नाही आणि दिसतही नाही. टपकणारा नळ सगळ्यांना दिसतो, पण सेकंदाला एक थेंब, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला जेमतेम सव्वाचार लिटर जातात. फ्लशचं गेलेलं रबर त्याच्या कितीतरी पट पाणी घालवतं.

आता तुमच्या बाजूचं. ठरावीक वेळच सोडल्या जाणाऱ्या पाण्यात, रिकाम्या वाहिनीतली हवा पाण्याच्या पुढे ढकलली जाऊन घरच्या मीटरमधून बाहेर पडते. यांत्रिक मीटरच्या चक्राला हवा आणि पाणी यांतला फरक कळत नाही. ते फिरतं आणि आकडे वाढवतं. नळ उघडा असेल तर फुसफुस ऐकू येते, थेंबही नसतो, आणि मीटरवरची छोटी तबकडी मात्र भोवऱ्यासारखी फिरत असते. वाहिनीच्या उंच जागी हवा बाहेर सोडणारे एअर व्हॉल्व्ह हवेत, ते चालू हवेत, आणि मुख्य व्हॉल्व्ह सावकाश उघडायला हवा. ग्राहक यातलं काहीच करू शकत नाही. तरीही हवेचे पैसे तोच भरतो.

६. तुमच्या मौनावर दुसऱ्यांचा धंदा

विभाग आकडे सांगत नाही, म्हणून आकडे सांगायला विक्रेते येतात. त्यांच्या हातात टीडीएस मीटर असतो. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, बस. जंतू, शिसं, गढूळपणा यांतलं त्याला काहीही कळत नाही. गटार मिसळलेल्या पाण्याचा टीडीएस सुंदर येऊ शकतो.

दुसरा खेळ दोन कांड्यांच्या यंत्राचा. तुमच्या नळाच्या पाण्यात कांड्या बुडवून वीज सोडतात, मिनिटभरात पाणी तपकिरी होतं आणि तळाला किळसवाणा चोथा जमतो. त्यांच्या फिल्टरच्या पाण्याला काही होत नाही. तो चोथा यंत्राच्याच लोखंडी कांडीचा असतो. क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. क्षार काढून टाकलेल्या पाण्यात वीज वाहतच नाही. त्यांच्या स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग करायला सांगा.

कठीण पाण्याने भांड्याला थर धरतो, साबणाला फेस येत नाही, गीझरची कॉइल जाते. पण ते पिण्याला अपायकारक नाही. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने लिटरमागे १८० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते फार कठीण समजतात. हा एक आकडा बिलावर छापला असता तर निम्मे विक्रेते दारातूनच परत गेले असते.

७. धोक्याची सूचना अर्धीच

‘पाणी उकळून प्यावे’ ही सूचना तुम्ही सगळ्याच प्रसंगी देता. जंतूंसाठी ती बरोबर आहे. खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर पुरतं. पण शिसं किंवा नायट्रेट असेल तर उकळण्याने उलट त्यांचं प्रमाण वाढतं, कारण पाणी वाफ होऊन जातं आणि ती मागे राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅम ठेवली आहे ती मुख्यतः बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी. ‘उकळून प्या’, ‘पिऊ नका, बाकी वापरा’ आणि ‘अजिबात वापरू नका’ या तीन वेगळ्या सूचना आहेत. सूचना मागे घेतल्याचं तर कुणी कळवतच नाही.

आमच्या आणि ग्राहकांच्या वाट्याचं कामही लिहितो, म्हणजे सगळं तुमच्यावर ढकललं असं व्हायला नको. घरची टाकी सहा महिन्यांतून एकदा धुवायला हवी : रिकामी करून, गाळ काढून, ब्रशने घासून, पुन्हा भरून. निर्जंतुक करताना १००० लिटरला २५ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर २०० ग्रॅम, किंवा ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १ लिटर. दोन्हींनी लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन होतो. पावडर आधी बादलीत कालवून वरचं निवळ ओतायचं, घरातले सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचे आणि बंद करून चोवीस तास ठेवायचं. ते पाणी प्यायचं नाही. सगळं काढून टाकून टाकी पुन्हा भरायची. ब्लीचिंगसोबत ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही नको, विषारी वायू होतो. झाकण घट्ट आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी हवी. सकाळी पिण्याचं पाणी भरण्याआधी साचलेलं सोडून द्यावं : १५ मिलिमीटरच्या २० मीटर पाइपात साडेतीन लिटर पाणी असतं, म्हणजे अर्धी बादलीसुद्धा नाही, आणि ते फरशीला वापरता येतं. पिण्याला आणि स्वयंपाकाला थंड नळच वापरावा. एवढं सगळं बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मावतं.

आमच्या मागण्या :

‘घरगुती दोष’ हा शेरा नळावर मोजलेल्या किमान एका आकड्याशिवाय मारू नये. मुक्त क्लोरीन, गढूळपणा किंवा दाब, तक्रार ज्याची असेल तो आकडा.

फोन घेणाऱ्यांना वर दिलेले प्रश्न छापील स्वरूपात द्यावेत आणि उत्तरं तक्रारीत नोंदवावीत. एकाच गल्लीतून दोन तक्रारी आल्या, की त्या आपोआप मुख्य वाहिनीच्या दुरुस्ती पथकाकडे जाव्यात.

शहराच्या प्रत्येक भागातल्या टोकाच्या नळांवरचा क्लोरीन दर आठवड्याला मोजून तारीख, वेळ आणि जागेसह जाहीर करावा. ठरावीक वेळच पाणी सोडलं जातं तिथे एक नमुना पहिल्या पाच मिनिटांतला हवा.

नमुन्याच्या अहवालावर पद्धत लिहावी : साचलेलं का सोडलेलं, किती मिनिटं, बाटलीत थायोसल्फेट होतं का, प्रयोगशाळेत किती वाजता पोचली. जुन्या इमारतींसाठी शिशाचा पहिल्या लिटरचा नमुना मागितल्यास मोफत घ्यावा.

एअर व्हॉल्व्ह आणि स्कॉवर व्हॉल्व्ह यांची यादी, शेवटची तपासणी आणि शेवटचं धुणं जाहीर करावं. एअर व्हॉल्व्ह बंद असलेल्या भागात मीटरच्या तक्रारींचा निकाल ग्राहकाच्या बाजूने लागावा.

धोक्याची सूचना तीन प्रकारांत द्यावी, आणि ती मागे घेतल्याचं त्याच मार्गाने, त्याच लोकांना कळवावं.

प्रयोगशाळेच्या अहवालाची अट रद्द करावी, आणि हा नियम आल्यापासून बंद केलेल्या तक्रारी पुन्हा उघडाव्यात.

पथकांना दाबमापक कसा लावायचा, डीपीडी कशी वाचायची, नमुना कसा घ्यायचा, हे दाखवायला आम्ही विनामोबदला येऊ. कोणत्या दिवशी यायचं, तेवढं या पत्राच्या जाहीर उत्तरात कळवावं.

आपले,
नळजोडणी, मीटरदुरुस्ती, टाकीसफाई आणि पाणीतपासणीची कामं करणारे आम्ही सर्व